हमीभाव आणि क्रायटेरिया तीन

परवा तास संपल्यावर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी टेबलाशी थांबली. "सर, सरकार सोयाबीनचा हमीभाव जाहीर करतं ना? मग आमच्याकडे व्यापारी त्याच्याखाली कसा घेतो?"

अर्थशास्त्र शिकवणाऱ्यानं वर्षभर वाट बघावी असा प्रश्न. आणि मी म्हणालो, "उद्या बोलू या का?" कारण क्रायटेरिया तीनची बैठक सुरू झाली होती.

बाहेरच्यांसाठी सांगतो. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था. आमच्या नॅक मूल्यांकनाला सात निकष, म्हणजेच क्रायटेरिया; तिसरा संशोधनाचा. प्रत्येक निकषाला समिती, समितीला फायली, फायलींना पुरावे, आणि पुरावा म्हणजे अक्षांश-रेखांश उमटलेला जिओटॅग फोटो. गेल्या वर्षी एका पाहुण्यांना आम्ही फोटो नीट आला नाही म्हणून दुसऱ्यांदा पुष्पगुच्छ घ्यायला लावला. (भाषण कशावर होतं ते कुणाला आठवत नाही. मलाही नाही.) मूल्यांकनच नको असं मी म्हणत नाही. सरकारी तिजोरीतून पगार घेतो, हिशेब द्यायलाच हवा. पण फोटोत येतं तेवढंच मोजायचं ठरलं की माणसं फोटोत येण्याजोगंच काम करू लागतात.

संशोधनाचं तेच झालं. २०१० साली यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे कामगिरी मोजणारे, गुण आणले आणि जन्मात चार ओळी न लिहिलेले लोक भराभर पेपर करू लागले. पेपर 'लिहिला' असं कुणी म्हणेना, 'टाकला' म्हणू लागले. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं उगवली. त्यांना चाळणी म्हणून २०१८ मध्ये केअर यादीची, म्हणजे मान्य नियतकालिकांच्या यादीची, घोषणा झाली, तर यादीतल्या नियतकालिकांच्या नावानं बनावट वेबसाइट निघाल्या! शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं यादीच बंद केली. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही पीएच.डी.ची सक्ती २०२२ मध्ये काढली, ते मात्र बरं केलं. माझ्या नावावर या काळात अकरा पेपर जमले. त्यातले दोन पुन्हा वाचायची माझी तयारी आहे. बढती मिळाली ती अकरांच्या जोरावर.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण वाचताना मला आवडलं होतं. शिक्षण मध्येच सोडावं लागलं तरी शिकलेल्या तासांचे क्रेडिट वाया जाऊ नयेत, कलेच्या मुलीनं संगणकही शिकावा, याला कोण नाही म्हणेल? पण एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, दोन क्रेडिटच्या विषयाला तीस. त्यातून लांबलेले प्रवेश, परीक्षा, महोत्सव वजा करा. उरलेल्या वीसेक तासांत 'भारतीय शेती' उरकायची. हमीभावाच्या प्रकरणाशी पोचेपर्यंत सत्र संपतं.

आणि हे तास घेतं कोण? आमच्या विभागात मंजूर जागा चार, भरलेली एक, म्हणजे मी. बाकी सगळे तासिका तत्त्वावरचे. नेट, पीएच.डी. झालेली माणसं, जेवढे तास तेवढे पैसे, तेही महिनोन्महिने थकलेले, सुट्टीत काहीच नाही. दरवर्षी त्याच जागेसाठी नव्यानं मुलाखत. त्यांच्यातला एक माझाच विद्यार्थी. दर जून-जुलैत तो समोरच्या खुर्चीत बसतो आणि मी त्याला मागणीचा नियम विचारतो. दोघंही एकमेकांकडे बघत नाही. सकाळी आमच्याकडे, दुपारी तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात. धोरणातली सगळी बहुविद्याशाखीयता सध्या त्याच्या मोटरसायकलवरून फिरते आहे.

मुलं चॅटजीपीटीवरून असाइनमेंट उतरवून आणतात म्हणून सहकारी चिडतात. मी चिडत नाही. आमच्या क्रायटेरिया तीनच्या अहवालाची भाषा कुणी लिहिली, ते मला माहीत आहे.

तर ती मुलगी. दुसऱ्या दिवशी मीच तिला शोधलं. "मोबाईलला विचारलं सर," ती म्हणाली. "हमीभाव म्हणजे काय ते सगळं सांगितलं त्यानं. पण आमच्या आडतीवर ओलावा दाखवून भाव पाडतात, ते त्याला कुठून माहीत असणार?"

रिकाम्या वर्गात अर्धा तास बसलो. सरकारी खरेदी केंद्रं किती उशिरा उघडतात, तोवर घरात पैसा लागतोच, मग माल कसा निघतो, हे मी सांगण्याआधी तीच सांगत होती. वडिलांच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवल्यात म्हणाली. सोमवारी अकराला घेऊन येणार आहे.

सोमवारी अकराला कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाची, आयक्यूएसीची, बैठक आहे.