धनुष्य एवढं लांब कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लाकडी धनुष्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ३२ इंच खेच (बाण सोडण्याआधी दोरी जेवढी मागे ओढली जाते ते अंतर) असलेल्या मित्रासाठी मी ७६ इंची धनुष्य केलं, त्याला तुम्ही ‘पडद्याचा दांडा’ म्हणालात. हसू आलं. कोरियन तिरंदाज सव्वाशे सेंटिमीटरच्या धनुष्यावर तेवढीच खेच घेतात, मग मला तासकाम (दोन्ही बाजू सारख्या वाकाव्यात म्हणून लाकूड तासणं) जमत नाही म्हणूनच मी लांबी वाढवली, असं तुमचं म्हणणं.

माझ्या तासकामावर वाद घालत नाही. पण कोरियन धनुष्य नुसत्या लाकडाचं नसतंच. त्याच्या पोटाला (तिरंदाजाकडची बाजू) म्हशीचं शिंग, पाठीला (समोरची बाजू) जनावराच्या स्नायूंचे तंतू आणि मधे बांबू. शिंग दाब सोसतं, तंतू ताण सोसतात. नुसत्या लाकडात तेवढी लवचीकता आणणार कुठून? शेजारच्या जपानचं उदाहरण घ्या. बांबू-लाकडाची युमी, म्हणजे तिथलं धनुष्य, कानामागे खेचतात आणि तिची लांबी आहे साधारण २२१ सेंटिमीटर! १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवरची यू नावाच्या झाडाच्या लाकडाची धनुष्यंसुद्धा सहा फुटांच्या पुढचीच आहेत.

खरं सांगायचं तर आधी मीही ६६ इंचीच केलं होतं. धामणीचं (साप नव्हे, झाड, संस्कृतात त्याला धनुर्वृक्षच म्हणतात). मधले १० इंच न वाकणारी मूठ, म्हणजे एकेका भुजेला (मुठीच्या दोन्हीकडचा वाकणारा भाग) उरले २८. २८ इंच खेचेपर्यंत कसं सुरेख वाकलं! तिसाला खेच एकदम जड झाली, दोरी आणि टोक यांच्यातला कोन काटकोनाला टेकला होता. एकतिसाला काहीच आवाज झाला नाही. दोरी उतरवली तेव्हा मुठीपासून वीतभर अंतरावर, पोटाकडे, केसाएवढी आडवी रेघ दिसली. नख फिरवलं तर अडकलं. पाठ फुटते तेव्हा कडाड् आवाज येतो, पण पोट दबतं ते असं गुपचूप. पातळ केलं असतं तर कदाचित वाचलं असतं, पण मग पौंड, म्हणजे खेचायला लागणारा जोर, उरले नसते. ७६ इंचांत एकेका भुजेला ३३ इंच मिळतात.

‘मित्राला २८ वरच खेचायला शिकवा’ हे मात्र पटलं नाही. खेच हाडांवर ठरते. दोन्ही हात पसरले की त्याचे ७९ इंच भरतात, भागिले अडीच म्हणजे साडेएकतीसच्या वर.

वेगाबद्दल तुमचं बरोबर आहे. लांब भुजेची टोकं जड राहिली तर बाण मंद जातो, आणि मी ती पाऊण इंच रुंद ठेवली होती. आता कानस घेऊन अर्ध्या इंचावर आणतोय, लेखातही दुरुस्ती करतो. मूठही थोडी वाकती ठेवली असती तर ७२ इंचांत भागलं असतं, पण मित्राला ती हाताला हिसका देणारी मूठ नको होती.

ते ६६ इंची अजून खिळ्याला टांगलंय. कधी इकडे आलात तर नख फिरवून बघा.