रक्त नाही ना आलं? मग काही नाही!

दुचाकीवर निघताना हेल्मेट सोबत हवंच. फक्त ते कोपरात अडकवावं. चौकात मामा दिसले की डोक्यावर, मामा मागे पडले की परत कोपरावर. हनुवटीखालचा पट्टा तर कधीच लावू नये. पडताना हेल्मेट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे जाण्याची मोकळीक राहते. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं. पण कलमाला केस विस्कटण्याचं दुःख काय कळणार?

आता समजा, कुणी पडलंच. शुद्ध हरपली असली तरी आधी तोंडात पाणी ओता. ते श्वासनलिकेत जातं वगैरे डॉक्टरांची किरकिर. मग नाकाशी कांदा. कांदा महाग असेल तर चप्पल. मानेला आधारबिधार न देता तिघांनी उचलून रिक्षात कोंबा, म्हणजे आपण माणुसकीला जागलो.

बहुतेकदा तो माणूस स्वतःच उठून बसतो आणि म्हणतो, "काही नाही हो, मुका मार आहे." त्याच्यावर विश्वास ठेवा. कवटीखालची धमनी फुटली, तरी कधीकधी तास-दोन तास माणूस अगदी शहाण्यासारखा बोलतो. कटिंग मारतो, इंडिकेटरच्या खर्चावरून हुज्जत घालतो. आत रक्त साठत जातं, कवटी तर फुगत नाही, म्हणून मेंदू दाबला जातो. पण ते आपल्याला थोडंच दिसतं! उलट्या झाल्या तर पित्त म्हणा. गुंगी आली तर "दमलाय, झोपू दे." घोरायला लागला की दार हळूच लोटून घ्या.

यातूनही वाचला, तर खरी मजा पुढे. पाय मोडला असता तर नातेवाईक सफरचंदं घेऊन आले असते. याला ना प्लास्टर, ना टाके. गॅसवर दूध ठेवून विसरतो, एकच प्रश्न चारदा विचारतो, टीव्हीच्या आवाजाने पोरांवर खेकसतो. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की राग आवरत नाही, असं काहीतरी डॉक्टर सांगतात. तुम्ही मात्र "नाटकं करतो" म्हणा. अविवाहित असेल तर लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल.

आजोबांचं त्याहून सोपं. न्हाणीघरात घसरले, टेंगूळ आलं, बर्फ लावला, विषय संपला. रक्त पातळ करणारी गोळी रोजच्यासारखी चालू. तीन आठवड्यांनी पाय ओढायला लागले, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागले, तर मागचं टेंगूळ अजिबात आठवू नका. 'वय झालं' म्हणून मोकळे व्हा. नाहीतर कुणीतरी सीटी स्कॅन करेल, कवटीला लहानसं भोक पाडून साचलेलं रक्त काढेल, आणि आजोबा पुन्हा रमीत पानं लपवायला लागतील.