सहीपेक्षा भिंग लावा
जुनं चित्र अस्सल आहे का हे ओळखताना आधी सही बघा, असं एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. नक्कल करायला सगळ्यात सोपी सहीच! आमच्या सांगलीच्या घरात देवघराबाहेर लक्ष्मीचं मोठं चित्र आहे, कोपऱ्यात राजा रविवर्मांचं नाव. एका व्यापाऱ्याने ‘अस्सल तैलचित्र’ म्हणून काकांना भलताच भाव सांगितला आणि भावाभावांत वाटणीचा वाद पेटला. शेवटी मी काच काढून भिंग धरलं. लक्ष्मीच्या गालावर ब्रशचा फटकारा कुठेच नाही, नुसते बारीक रंगीत ठिपके. म्हणजे ओलिओग्राफ, तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथे दगडावरून एकेक रंग छापत, वरून व्हार्निश देत. लांबून ते तैलचित्रच वाटतं.

ठिपके नसले तरी लगेच हुरळून जाऊ नका. कॅनव्हासची मागची बाजू, चौकटीचे खिळे, घरातल्या जुन्या पावत्या तपासा. प्रयोगशाळेत पांढऱ्या रंगात टायटॅनियम सापडलं तर शंका घ्या, कारण रविवर्मा १९०६ मध्ये गेले आणि टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला १९२०च्या आसपास. (नंतरच्या डागडुजीतही तो येतो, म्हणून नमुना चित्राच्या कुठल्या भागातून घेतला ते विचाराच.)

आणि सातारकरांनो, औंध तर तुमच्याच जिल्ह्यात! औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्मांची मूळ चित्रं आहेत. तासभर त्यांच्यासमोर उभे राहा, मग घरातल्या चित्राकडे बघा.