‘अ’ जीवनसत्त्व जास्त घेतलं की प्रतिकारशक्ती वाढते?

एक मेसेज सध्या जोरात फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: ‘अ’ जीवनसत्त्व जितकं जास्त, तितकी प्रतिकारशक्ती भक्कम, ते घेतलं की गोवराची लस नको, नैसर्गिक असल्यामुळे कितीही चालतं, आणि आजारी माणसांच्या रक्तात ते कमी सापडतं, हाच पुरावा. पंचाईत अशी की सुरुवात खऱ्या गोष्टीवरून होते, म्हणून पुढचंही खरं वाटतं.

नाक, फुप्फुसं, आतडी यांच्या अस्तराला हे जीवनसत्त्व लागतंच. ते कमी पडलं की श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी घटतात, ओलसर अस्तर कातडीसारखं कोरडं होऊ लागतं आणि जंतूंना वाट मिळते. शरीरात त्याचं रेटिनॉइक आम्ल बनतं. ते टी-पेशींना (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) आतड्याकडे वळवतं, अस्तरावर पहारा देणारी आयजीए प्रतिपिंडं तयार व्हायला मदत करतं, आणि प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीही घडवतं. म्हणजे चेतवणं आणि आवरणं, दोन्ही कामं त्याचीच. ‘जितकं जास्त तितकं भक्कम’ हा हिशेब इथेच चुकतो.

मग कॅप्सूलने जीव वाचल्याचे दाखले? तेही खरे आहेत. इंडोनेशियातल्या आचे प्रांतातल्या, 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. पण त्या मुलांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता होती. पुढे उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या अभ्यासात (2013) घट जेमतेम 4 टक्के दिसली, योगायोगानेही दिसू शकेल इतकी. तफावत का, यावर तज्ज्ञांचा वाद आहे. पोटभर, चौरस खाणाऱ्या प्रौढाला मात्र यातल्या कुठल्याच अभ्यासातून जादा कॅप्सूलची शिफारस काढता येत नाही.

गोवराचा दावा सर्वांत घातक. गोवरात या जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने घसरतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना गोवर झालेल्या मुलांना सलग दोन दिवस मोठी मात्रा द्यायला सांगते: वर्षावरच्या मुलाला दर दिवशी 2 लाख युनिट. त्याने डोळे वाचतात, मृत्यूचा धोकाही कमी होतो. पण हा गोवर झाल्यावरचा उपचार आहे, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखालचा. विषाणूची लागण तो रोखत नाही. ते काम लशीचं. तिच्या दोन मात्रा सुमारे 97 टक्के संरक्षण देतात. 2025 मध्ये टेक्सासमध्ये गोवराची साथ आली, तेव्हा काही मुलांमध्ये गोवराबरोबर या जीवनसत्त्वाच्या अतिरेकाची लक्षणंही दिसली होती, यकृतावर ताण पडल्याच्या खुणांसह.

‘नैसर्गिक, म्हणून कितीही’? हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि यकृतात साठत जातं. जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. प्रौढांची रोजची गरज 700 ते 900 मायक्रोग्रॅम. तयार रेटिनॉलची (म्हणजे कॅप्सूल, यकृत यांतून थेट मिळणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाची) रोजची सुरक्षित कमाल मर्यादा 3000 मायक्रोग्रॅम, म्हणजे गरजेच्या चौपटीच्या आसपासच. ती ओलांडत राहिल्यास यकृत बिघडू शकतं, कवटीतला दाब वाढू शकतो आणि गरोदरपणात बाळात जन्मजात दोष येऊ शकतात. (ध्रुवीय अस्वलाचं यकृत खाऊन दर्यावर्दी आजारी पडल्याची, त्यांची कातडी सोलून निघाल्याची नोंद सोळाव्या शतकातली आहे. ते यकृत शंभर टक्के नैसर्गिकच होतं.)

भाज्या-फळांतल्या बीटा-कॅरोटीनचं तसं नाही. शरीर गरजेपुरतंच त्याचं ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करतं. त्याच्या गोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. फिनलंडमधल्या अभ्यासात (1994) त्या घेणाऱ्या धूम्रपींमध्ये फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला.

राहिला रक्ताच्या रिपोर्टचा ‘पुरावा’. संसर्ग झाला की रेटिनॉल वाहून नेणारं प्रथिन रक्तात कमी होतं, म्हणून यकृतात भरपूर साठा असूनही आकडा खाली दिसतो. बरं वाटल्यावर तो बहुधा आपोआप वर येतो, कॅप्सूल न घेताही.