हवामान बदलावर पीएचडी म्हणजे ‘भाराभर चिंध्या’? त्या मेसेजला उत्तर

‘मुलांना वाचवा’ अशा मथळ्याचा एक मेसेज गेले काही आठवडे शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. हवामान बदलावर इंटरडिसिप्लिनरी, म्हणजे अनेक शाखा एकत्र आणणारी, पीएचडी करणं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या, असा त्याचा सूर. आधी मी तो वाचून सोडून दिला होता. आता तो आमच्या दाजींपर्यंत पोचलाय. माझ्या भाचीला एमएस्सी फिजिक्सनंतर अशाच एका पीएचडीला प्रवेश मिळालाय. परवापर्यंत पेढे वाटणारे दाजी आता तिला ‘अजून वेळ गेलेली नाही, नीट विचार कर’ म्हणू लागलेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘यात कुठलाच विषय धड येत नाही.’

हे लिहिणाऱ्याने असा एकही अभ्यासक्रम आतून पाहिलेला दिसत नाही. भाचीचं फिजिक्स सुटणार नाहीये. वातावरणाचं गतिशास्त्र आणि सांख्यिकी तिला शिकावीच लागणार, गणितं सोडवावीच लागणार. त्यात भर पडेल ती दुसऱ्या शाखेतला पुरावा वाचता येण्याची.

त्याची गरज काय, ते नवी मुंबईतलं खारघर आठवून बघा. १६ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारपर्यंत उघड्या मैदानात कार्यक्रम चालला आणि उष्माघाताने १४ जण गेले. आसपासच्या केंद्रांवर पारा चाळिशीच्या खालीच होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण घाम वाळला तरच तो शरीर थंड करतो, आणि किनाऱ्यालगतच्या दमट हवेत तो नीट वाळत नाही. त्यात डोक्यावर ऊन आणि तासन्‌तास बसलेली गर्दी. नुसतं तापमान सांगणाऱ्याला, नुसतं शरीरशास्त्र जाणणाऱ्याला किंवा नुसतं गर्दीचं नियोजन करणाऱ्याला हा धोका पूर्ण दिसत नाही. तिघांचं बोलणं एकमेकांना कळणारं कुणीतरी लागतं, आणि ते शिकवावं लागतं.

‘शास्त्रज्ञाने आकडे काढावेत. लोकांना समजावणं हे पत्रकारांचं काम.’

सगळ्या मेसेजमधलं हे सर्वांत घातक वाक्य. माझा खरा राग याच्यावर आहे, कारण याने माणसं मरतात.

अहमदाबादचं उदाहरण घ्या. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. मग महापालिका, गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ आणि अमेरिकेतल्या काही संस्था एकत्र बसल्या आणि २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तयार झाला. सात दिवस आधीचा अंदाज, रंगांनुसार इशारे, दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची सोय, लोकांना वाचता येतील अशा गुजराती सूचना. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आराखड्याआधीची आणि नंतरची वर्षं ताडून पाहिली. त्याच्या अंदाजानुसार वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. अंदाज आहे, मान्य. निम्मा धरा हवं तर. पण नुसता ४६.८ हा आकडा काढून गप्प बसण्याने यातला एकही जीव वाचला नसता. नागपूरनेही पुढे हाच रस्ता धरला.

आणि समजावणं म्हणजे तयार निष्कर्ष सोपा करून सांगणं, एवढंच नसतं. भाची एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जालन्याकडे गेली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारं कृषी हवामान पत्रक शेतकरी कसं वापरतात, हा विषय. एका कापूसवाल्याने पत्रक वाचलं, मोबाईल खिशात ठेवला आणि विचारलं, ‘ते झालं, पण आज फवारू का नको? औषध धुऊन गेलं तर पैसे कोण देणार?’ तिच्याकडे जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज होता. त्याला हवा होता त्याच्या शिवारातल्या पुढच्या काही तासांचा. त्या संध्याकाळी तिने प्रकल्पाचा प्रश्नच बदलला: अंदाज किती बरोबर आला हे न मोजता, किती वेळ आधी आणि किती खात्रीने मिळाला तर फवारणी टळते, हे मोजायचं ठरवलं. संशोधनाचा प्रश्न बांधावर सुधारला. हे काम पत्रकार तिच्यासाठी कसं करणार होता?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनीही प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला, शाखा कोणतीही असो, आपल्या विषयातल्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलंय. तेव्हा समजावणं हे शास्त्रज्ञाचं काम नाही म्हणणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत.

‘असल्या संशोधनाला पैसा मिळत नाही.’

यात अर्धं तथ्य आहे, ते नाकारत नाही. ऑस्ट्रेलियातल्या १८,४७६ संशोधन प्रस्तावांचा अभ्यास २०१६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला होता. प्रस्ताव जितका जास्त शाखांमध्ये पसरलेला, तितकी निधी मिळण्याची शक्यता कमी, असं त्यात दिसलं. पण ही अडचण निधी मागणाऱ्या संशोधकांची आहे, आणि माझ्या मते तपासणाऱ्या समित्या एकाच शाखेच्या असतात म्हणून ती येते. दाजींना काळजी आहे ती पुढच्या पाच वर्षांची. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि ती शाखांची बेरीज बघून कमी होत नाही.

‘अमेरिकेनेच हे बंद केलं.’

चूक. संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९७ च्या सुमारास सुरू केलेली ‘आयजीईआरटी’ ही योजना थांबली, हे खरं. पण तिच्या जागी २०१४ पासून ‘एनआरटी’ ही दुसरी योजना आली, तीही आंतरविद्याशाखीय प्रशिक्षणाचीच. अर्धी बातमी द्यायची आणि मुलांना घाबरवायचं, हे बरं नव्हे.

सगळेच अभ्यासक्रम चांगले असतात असं मी म्हणत नाही. नुसती पाटी बदललेले विभागही असतील. म्हणून दाजींना मी प्रश्न लिहून दिले: दोन वेगळ्या शाखांचे मार्गदर्शक मिळतात का? प्रबंध तपासायला दोन्हीकडचे परीक्षक असतात का? फिल्डवर्कचा खर्च कोण करतं? पाच वर्षांत किती जणांचं पूर्ण झालं? भाचीने तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला फोन लावला, दाजी शेजारी बसून ऐकत होते. मार्गदर्शक दोन आहेत, त्यातल्या एक सार्वजनिक आरोग्याच्या. फिल्डवर्कच्या पैशांची मात्र ओढाताण होते, असं तिने स्पष्ट सांगितलं. त्यावर दाजींनी विचारलं, ‘साधारण किती लागतात?’