यंत्रं मोजली, फिस्टुला कोण तपासणार?

2016मध्ये केंद्राने जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. तेव्हापासून आपल्याकडची चर्चा बहुतेक यंत्रं किती आणि मोफत डायलिसिस किती एवढ्यावरच थांबते. मागणी रास्त आहे. पण यंत्रापर्यंत रक्त पोचवणारा हातातला फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेला मार्ग, अरुंद होऊन बंद पडला, तर यंत्र असूनही मानेत कॅथेटर (नळी) घालावा लागतो आणि त्यासोबत जंतुसंसर्गाची टांगती तलवार येते.

ब्रिटनमधल्या डायलिसिस केंद्रांकडून घ्यावी अशी गोष्ट अगदी बिनखर्चाची आहे. सुई टोचण्याआधी नर्स फिस्टुलावर बोटं ठेवते. निरोगी फिस्टुलात सलग, मऊ थरथर लागते. पुढे शीर अरुंद झाली असेल तर थरथरीऐवजी टणक ठोके लागतात आणि स्टेथोस्कोपमधून शिट्टीसारखा आवाज येतो. हात डोक्यावर उचलल्यावर फिस्टुला ढिला पडायला हवा. एखादा भाग फुगलेलाच राहिला तर अडथळा त्याच्या पुढे, हृदयाच्या बाजूला आहे. सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणं, ओळीने काही डायलिसिसमध्ये व्हीनस प्रेशर (यंत्रातून शिरेत परत जाणाऱ्या रक्ताचा दाब) चढत जाणं, याही त्याच खुणा. उलट फिस्टुला लुळा लागतो आणि यंत्राला पुरेसं रक्त मिळत नाही, तेव्हा दोष बहुधा धमनीच्या जोडाजवळ असतो.

अशी खूण दिसली की सोनोग्राफी, आणि शीर निम्म्याहून जास्त अरुंद असेल तर बलून अँजिओप्लास्टी, म्हणजे आत छोटा फुगा फुगवून शीर रुंद करणं. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येतं. जागा बधिर करून शीथ (उपकरणं आत नेण्याची आखूड नळी) घालतात, कॉन्ट्रास्टने (एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवाने) चित्र घेतात, वायर अडथळ्यापलीकडे नेतात. शेजारच्या चांगल्या शिरेएवढा किंवा 1 मिमी मोठा बलून निवडतात, बहुधा 5 ते 8 मिमी. फिस्टुलातली अरुंद जागा चिवट असते, त्यामुळे अनेकदा 20 अॅटमॉस्फिअरच्या वर दाब लागतो. पडद्यावर बलूनची ‘कंबर’, म्हणजे अरुंद जागी त्याला पडलेली खाच, पूर्ण नाहीशी व्हायला हवी. ती राहिली तर काम अर्धवट झालं. शीर फाटलीच तर तोच बलून कमी दाबाने काही मिनिटं फुगवून ठेवतात. तरीही रक्त थांबलं नाही तर आवरण असलेला स्टेंट (जाळीची नळी) बसवतात.

औषधाचा लेप असलेल्या बलूनची मात्र घाई नको. 2020च्या एका चाचणीत पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या बलूनने सहा महिन्यांनंतरचे निकाल सुधारले, पण 2021ला प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पेव्ह चाचणीत साध्या उच्च दाबाच्या बलूननंतर तो वापरून जास्तीचा फायदा दिसला नाही. सरकारी पैशातून आधी साधा बलून सगळ्यांना मिळावा, असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटनमध्येही अँजिओप्लास्टीच्या तारखेसाठी थांबावं लागतं. पैसे असतील तर मुंबई-पुण्यात हेच काम लवकर होऊ शकतं. अडचण ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांची आहे. डायलिसिस केंद्र चालवणाऱ्या कंत्राटदाराला दर डायलिसिसमागे पैसे मिळत असतील, तर फिस्टुला टिकवण्यात त्याचा काही फायदा नसतो. म्हणून करारातच दर वेळच्या तपासणीची नोंद सक्तीची करा, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात त्या कक्षात) या रुग्णांसाठी आठवड्याचा एक ठरलेला दिवस राखा, आणि गळ्याच्या हाडाखालच्या शिरेत कॅथेटर घालणं शक्यतो टाळा. तिथे झालेलं आकुंचन पुढे त्या बाजूचा अख्खा हात फिस्टुलासाठी निकामी करू शकतं.