भाऊजी, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा

आज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एक चित्र आलं. कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना माड, ओटीवर झोपाळा आणि मागे चक्क समुद्र. (आमच्या वाडीतून समुद्र बघायचा तर एसटी पकडून वेळासला जावं लागतं, पण असो.) पाठवणारे आमचे मोठे चुलत भाऊजी, मुक्काम बोरिवली. खाली मजकूर : "एआयकडून करून घेतलं. आपलं नवीन घर असं बांधूया. कसं वाटतं?" त्याखाली लगेच अंगठे, बदाम, "वाह दादा", "पुढचे गणपती इथेच!!" एकाने तर पार्किंगला जागा वाढवायलाही सुचवलं.

मी तेव्हा मागच्या पडवीत पत्र्याखाली लावलेली बादली ओतत होते. मंडणगड तालुक्यातला जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

भाऊजींना ते चित्र करून घ्यायला फार तर पाच मिनिटं लागली असतील. संमतीपत्रावर सही करायला किती लागतात? नाही, खरंच विचारतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या घराच्या पुढच्या पाखीची, म्हणजे पुढच्या उतरत्या छपराची, कौलं गेली आणि आढं सरकलं. लॉकडाऊन चालू, वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, मंगलोरी कौलं कुठे मिळेनात आणि ताडपत्रीसाठी मारामारी. पंचनामा झाला, मदत आली, तिच्यातून पत्रे आले. वर्ष व्हायच्या आत तौक्ते आलं. मग वाशांना वाळवी लागली. शेवटी ओटीची भिंत बसली आणि कुणाच्या अंगावर पडायला नको म्हणून पुढचं सगळं घर आम्ही आमच्या हाताने उतरवलं. आता स्वयंपाकघर आणि मागची पडवी एवढंच उभं आहे. त्यात सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं आणि गणपतीचे पाच दिवस अख्खी बोरिवली.

नवीन घराचा नकाशा तयार आहे. पाया काळ्या दगडाचा, वर चिरा म्हणजे जांभा दगड, स्लॅब नको, कौलंच. कर्ज माझ्या पगारावर मिळतंय, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पण जमिनीवर माझं नाव नाही, माझ्या नवऱ्याचं आहे, आणि त्याच्याबरोबर आणखी वीसेक जणांचं. आमचं घर गावठाणात नाही, वाडीत आहे, घराखालची जमीन सातबाऱ्यावर आणि सातबारा सामाईक. घरपट्टी आम्ही भरतो, शेणसारवण आम्ही करतो, साप निघाला तर काठी आम्ही घेतो. पण पायाचा पहिला दगड बसवायचा तर बँकेला आणि ग्रामपंचायतीला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती हवी.

हे चूक आहे असं मी म्हणत नाही. कायदा म्हणून बरोबरच आहे. उद्या माझ्या माहेरच्या जमिनीवर भावाने मला न विचारता काही केलं तर मलाही राग येईल.

पण विचारलं तर उत्तर तरी देशील की नाही?

मागच्या वर्षी ती जिवंत सातबारा मोहीम आली. वारलेल्यांची नावं काढून वारसांची लावायची. चांगलंच काम, कितीतरी वर्षांचं तुंबलेलं. पण आमच्या उताऱ्यावरून एक आजोबा गेले आणि त्यांच्या जागी सहा जण आले. फेरफार झाला, नोटिसा गेल्या, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही. हरकत घ्यायला तरी पाकीट उघडावं लागतं.

त्यानंतर घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी मला काय ऐकवावं? "बहिणींची नावं लागली ना सातबाऱ्यावर, आता कसलं घर होतंय तुमचं. पूर्वी असं नव्हतं." तेव्हापासून ते डोक्यात बसलंय आणि आज त्या चित्रामुळे बाहेर येतंय.

तर ऐका. २००५ मध्ये कायदा बदलला, मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाप २००५ च्या आधी गेला असला तरी मुलीचा हक्क जात नाही. यात बहिणींनी कुणाचं घर लुटलं नाही. आणि आमच्या उताऱ्यावर सगळ्यात पहिली सही कुणाची आली माहितीय? सगळ्यात मोठ्या आत्यांची. ऐंशीच्या पुढच्या. नालासोपाऱ्याहून रात्रीच्या एसटीने आल्या. आम्ही म्हटलं, तिकडेच करून पाठवा कागद, कुणीतरी येईल घ्यायला. तर म्हणाल्या, "माझ्या बापाची जागा हाय, मी तिथं येऊन सही करीन."

आल्या. नोटरीकडे गेलो तर नावाचा घोळ. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नोटरी म्हणाला, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं आणखी एक प्रतिज्ञापत्र लागेल. त्यात लाइट गेलेली, झेरॉक्स बंद. आत्या स्टँडवरच्या बाकड्यावर बसून राहिल्या, पिशवीतून आणलेली भाकरी खाल्ली, मला अर्धी दिली. दुपारी लाइट आली. नोटरीने शाईचा डबा पुढे केला, "आजी, अंगठा चालेल." आत्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने डबा स्वतःच बंद केला. प्रौढ साक्षरता वर्गात शिकल्यात त्या सही करायला. पूर्ण नाव लिहितात, काना-मात्रा सोडत नाहीत. मागे रांग लागली होती. लागू दे.

आणि भाऊजी, तुमचं आधार कार्ड तुमच्या मोबाईलमध्ये आहे. फोटो पाठवायचा आहे फक्त, बाकी कागद आम्ही करून कुरिअरने पाठवू म्हटलं होतं.

आमच्याकडे चाकरमान्यांशी बोलायचं एक कॅलेंडर असतं. मे महिन्यात विषय काढला तर "आत्ता पोरं आंबे खायला आलीत, गणपतीला बसू निवांत." गणपतीत काढला तर "सणाच्या दिवशी जमिनीचं कशाला, दिवाळीत फोनवर बोलू." दिवाळीत फोन लागत नाही. शिमग्याला पालखी नाचवायला येतात, तेव्हा शुद्धीत किती असतात ते तुम्हीच सांगा. मग पुन्हा मे. आता आषाढी झाली, म्हणजे चातुर्मासात मुहूर्त नाही हे एक आयतं कारण सापडलंय. मुहूर्त नाही कबूल, पण सहीला कुठला मुहूर्त लागतो?

इकडे काम करायला वेळ असतो तो दिवाळी ते मे. पावसात चिऱ्याच्या खाणी बंद, पाणी भरलेलं असतं. दिवाळीनंतर खाणी सुरू झाल्या की सगळा तालुका एकदम चिरे मागतो, गवंडी मिळत नाही, वाळूची तर बातच नको. तेव्हा ज्याचे कागद पूर्ण आहेत त्याचं जोतं उठतं आणि उरलेले पुढच्या वर्षी. आम्ही दर वर्षी उरलेले. आमच्या नंतर परवानगीचं बोलायला लागलेल्या शेजाऱ्यांच्या घरात गेल्या मे महिन्यात सत्यनारायण झाला. मी प्रसाद खाऊन आले. त्यांच्या उताऱ्यावर दोनच नावं आहेत, नशीबवान माणसं.

बरं, आता दुसरी बाजू. लिहिते, कारण नाही लिहिली तर कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच. कोकणात संमतीपत्राच्या नावाखाली कोऱ्या कागदावर सह्या घेऊन सड्यावरच्या जमिनी दलालांना विकल्याची प्रकरणं झालीत. सख्ख्या भावांनी केलीत. त्यामुळे मुंबईत बसलेला माणूस घाबरतो, ते समजू शकते. पण म्हणूनच आम्ही हक्कसोडपत्र मागितलेलंच नाही! हिस्सा तुमचा तुमच्याकडे. कागदावर स्पष्ट लिहिलंय की ही संमती फक्त एवढ्या चौरस फुटांच्या घरापुरती, मालकी हक्काला बाधा नाही. वकिलाकडून लिहून घेतलंय. तुमच्या वकिलाला दाखवा. त्यात काही खोडायचं असेल तर खोडा. वाटप करून हवं असेल तर तसं म्हणा, सगळे तहसीलदारांपुढे एकमताने उभे राहू, तेही होतं. भांडायचं असेल तर दिवाणी कोर्टात जा, निदान तारीख तरी पडेल. गप्प राहणाऱ्याशी मात्र काहीच करता येत नाही. त्याच्याविरुद्ध ना हरकत, ना अपील.

आणि सगळ्यात कठीण भाग म्हणजे ही माणसं वाईट नाहीत.

या भाऊजींचे वडील, म्हणजे आमचे मोठे सासरे, परळच्या गिरणीत होते. आम्ही उतरवलेल्या घराची कौलं त्यांच्या बोनसमधून आलेली. माझ्या नवऱ्याची शाळेची फी दर महिन्याच्या मनिऑर्डरीतून गेलेली. १९८२ चा संप झाला आणि सगळं उलटं फिरलं. वर्षभर इथून तांदूळ आणि कुळीथ तिकडे जात होते, आणि खोलीत सात माणसं. सासूबाई अजून सांगतात, त्या वर्षी मोठे सासरे गणपतीला आले नाहीत, प्रवासाच्या भाड्याला पैसे नव्हते. भाऊजी तेव्हा शाळकरी. त्यांना या घराचं काहीतरी वाटत असणारच. मला तर वाटतं त्यांना सही करायची भीती जमिनीची नाहीच. पाया खणला की ते बापाचं घर खरोखर संपणार, आणि नवीन घर आमचं असणार, ते पाहुणे. ते असं बोलणार नाहीत. पण गणपतीत एकटे जाऊन त्या उतरवलेल्या वाशांच्या ढिगापाशी उभे होते, मी बघितलंय.

हे लिहिताना जरा वाईट वाटलं. पाच मिनिटं मोबाईल ठेवून दिला.

मग वरून पाणी टपकायला लागलं, धाकटीच्या दप्तरावर. परत राग आला.

कारण पाहुणे म्हणून तरी येणार कुठे? आत्यांनी सही झाल्यावर स्टँडवर काय मागितलं माहितीय? मी विचारलं होतं, आत्या, नव्या घरात तुमच्यासाठी काय हवं? मला वाटलं माजघर तसंच ठेवा म्हणतील, देवघराचं काहीतरी सांगतील. आत्या म्हणाल्या, "मला खोली नको गो. फक्त तो खाली बसायचा संडास नको. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मी गणपतीला येत नाही." बास. इतकी वर्षं आम्ही समजत होतो आत्यांना प्रवास झेपत नाही. त्या रात्रभर एसटीत बसून आल्या की! नकाशात कमोड घातलाय, ओटीला लागून, दोन पायऱ्यासुद्धा चढायला नकोत. वास्तुवाल्या एका नातेवाइकांनी दिशा चुकते म्हणून नाक मुरडलं. मुरडू दे, त्यांचे गुडघे चांगले आहेत.

त्या दिवशीच आत्यांनी तिथून भाऊजींना फोन लावला होता. "मी केली सही. तू कधी करतोस?" भाऊजी म्हणाले, "बघू आत्या, गणपतीला येतोच आहे." आत्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "याचा बाप असा नव्हता."

त्या गणपतीला भाऊजी आले, मोदक खाल्ले, गेले.

माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात हेच चाललंय. गावच्या घराचे रील, गावच्या घराचे स्टेटस, पावसातलं कौल, चुलीवरची भाकरी, खाली "मिस यू गाव". आणि त्याच गावात जो राहतोय त्याचा कागद टीव्हीवरच्या टोपलीत, लाइट बिलाखाली पडलेला. प्रेम आहे ना गावावर? मग एक दिवस सुट्टी टाका आणि सही करा. प्रेम नाही? तेही चालेल, नाही म्हणून सांगा, आम्ही तालुक्याला दोन गुंठे बघतो आणि तुमच्या बापजाद्यांच्या जागेत तुम्हीच येऊन वाशांचा ढीग राखा. सासूबाईंना मान्य होणार नाही, पण मी समजावेन. मला नकाराचा राग येणार नाही, शपथ. नकार आला तर निदान मुलांना सांगता येईल की दहावी कुठल्या घरात होणार.

गवंड्याने दिवाळीनंतरची तारीख धरून ठेवलीय, तीही माझा विद्यार्थी त्याचा मुलगा म्हणून. चिरेवाला इसार मागतोय. पितृपक्ष संपेपर्यंत सगळे कागद बँकेत गेले नाहीत तर तो माणूस दुसऱ्या कामाला जाणार आणि जायलाच हवं, त्यालाही पोट आहे.

घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला, असं लिहायला कुणी बोटं उचलली असतील तर आधी आपला सातबारा काढून बघा. त्यावर किती नावं आहेत, आणि गावात राहणाऱ्या कुणाचा कागद तुमच्या कपाटात पडून आहे. मग लिहा.

भाऊजी, तुम्हाला टॅग केलंय. मंडणगडला येणं जमत नसेल तर बोरिवलीतही नोटरी आहेत, स्टेशनबाहेरच बसतात.